विद्यापीठांच्या हाती रायफल

१९१७ साल. पहिलं महायुद्ध लांबलं होतं, इंग्रजांना माणसं कमी पडत होती. त्या वर्षी इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा आला आणि मुंबई, कलकत्ता अशा विद्यापीठांत हिंदी, म्हणजे भारतीय, विद्यार्थ्यांच्या पलटणी उभ्या राहिल्या. सरकारनं हे विश्वासापोटी केलं नव्हतं, निकड होती. पोरांनी मात्र संधी सोडली नाही. आजच्या एनसीसीची, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेची, गोष्ट इथून सुरू होते.

कलकत्त्याच्या तुकडीत एक चष्मा लावणारा विद्यार्थी होता. आधी ४९ व्या बंगाली पलटणीसाठी गेला, तर डोळ्यांच्या तपासणीत बाद झाला. विद्यापीठाच्या तुकडीत तपासणी तेवढी कडक नव्हती, म्हणून निभावलं. सुभाषचंद्र बोस त्याचं नाव. कॅप्टन ग्रे नावाचा करडा स्कॉटिश अधिकारी या कॉलेजच्या पोरांकडून कवायत करून घेई. रायफली आणायला तुकडी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्यात गेली. एरवी हिंदी माणसाला तिथे मज्जाव. आपल्याच हक्काची, हिरावून घेतलेली गोष्ट ताब्यात घेतोय असं तेव्हा वाटलं, हे सुभाषबाबूंनी आत्मचरित्रात नोंदवलंय.

१९२० च्या कायद्यानं या पलटणींची यूटीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर, झाली. खाकी गणवेश, कवायत, नेमबाजी सगळं होतं. अधिकारी होण्याची वाट तेवढी अरुंद. अधिकारी घडवणाऱ्या इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात हिंदी मुलांसाठी सुरुवातीला वर्षाला दहाच जागा, वर विलायतेचा खर्च. डेहराडूनची लष्करी अकादमी निघायला १९३२ उजाडलं. यूटीसीच्या नावात ‘ऑफिसर्स’ आलं ते १९४२ मध्ये, पुन्हा लढाई अंगावर आल्यावर.

खरं वळण आलं १९४६ मध्ये, पंडित हृदयनाथ कुंझरूंच्या समितीनं. गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे हे अध्यक्ष. फौजेतला माणूस नव्हे, सार्वजनिक कामात आयुष्य घालवलेला. शाळा-कॉलेजांसाठी देशभर एकच संघटना हवी, असं समितीनं मार्च १९४७ मध्ये सांगितलं. जुलै १९४८ मध्ये एनसीसी सुरू झाली. वर्षभरात मुलींची तुकडीही आली, आणि हे फार महत्त्वाचं.

चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. सक्ती उठली ते बरंच झालं. सकाळी बेल्टचं पितळी बक्कल ब्रासोनं घासून, बेरे टोपीवरचा लाल हॅकल, म्हणजे पिसांचा तुरा, नीट करून जी पोरं मैदानावर येतात, ती मनानं आलेली असतात.

आज पदवी आणि एनसीसीचं ‘सी’ हे सर्वांत वरचं प्रमाणपत्र ठरलेल्या गुणांनी हाती असेल, तर लष्करात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय अर्ज करता येतो. त्यातून छाननी झाली की थेट एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत. निवड झाल्यावर प्रशिक्षण चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत. मुलींसाठीही ही वाट खुली आहे. तालुक्याच्या कॉलेजांत अनेकांपर्यंत ही माहिती पोचतच नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: पदवीच्या पहिल्याच वर्षी एनसीसीच्या निवडीला उभे राहा, कारण ‘सी’पर्यंत पोचायला वेळ लागतो.