पडद्यापुढची बारा मिनिटे

व्हॉडव्हिलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या काळच्या विविधरंगी रंगमंचीय करमणुकीच्या, कार्यक्रमात पहिला क्रमांक मिळणे हा मान समजला जात नसे. आठ-नऊ प्रयोगांचा तो कार्यक्रम सुरू होई तेव्हा प्रेक्षक खुर्च्या शोधत असत, उठबस चाललेली असे. म्हणून ती जागा शब्दांवाचून चालणाऱ्या प्रयोगाला, म्हणजे कसरतपटूंना किंवा शिकवलेल्या प्राण्यांना दिली जाई. सर्वांत नावाजलेला कलावंत शेवटून दुसरा येई, कारण अखेरच्या प्रयोगाला लोक निघू लागत.

टोनी पास्टर यांनी 1881 साली न्यूयॉर्कमध्ये बायका-मुलांनाही निःसंकोच पाहता येतील असे विविधरंगी खेळ सुरू केले. पुढे बी. एफ. कीथ आणि एडवर्ड आल्बी यांनी त्या करमणुकीला देशभर पसरलेल्या थिएटरांच्या साखळीचे रूप दिले. कीथ यांच्या थिएटरांतले मॅनेजर दर आठवड्याला मुख्य कचेरीकडे अहवाल धाडत. प्रयोगाला किती मिनिटे लागली, पूर्ण रंगमंच लागला की पुढच्या पडद्यासमोरची अरुंद पट्टी पुरली, टाळ्या कशा पडल्या, हे सारे त्यात नोंदलेले असे. त्या अरुंद पट्टीला फार महत्त्व होते, कारण एखादी जोडी तिथे विनोद करत असताना पडद्यामागे कामगार पुढच्या प्रयोगाची मांडणी उरकत. कलावंताच्या वाट्याला येत ती दहा-बारा, फार तर वीस मिनिटे. पण गावोगावचा प्रेक्षक नवा असल्यामुळे तीच मिनिटे वर्षानुवर्षे घासूनपुसून लखलखीत करता येत.

डब्ल्यू. सी. फील्ड्स हे याचे उत्तम उदाहरण. पुढे बोलक्या विनोदासाठी गाजलेला हा नट आरंभी फाटक्या कपड्यांतला मूक जगलर होता. सिगारच्या रिकाम्या खोक्यांची ओळ दोन हातांत दाबून धरायची, क्षणभर पकड सैल करून मधले खोके निसटू द्यायचे आणि ते खाली पडण्याआधीच पुन्हा चिमटीत पकडायचे, हा त्याचा हातखंडा खेळ. शब्दच नसल्यामुळे युरोप असो वा दक्षिण आफ्रिका, भाषेची अडचण त्याला कधी पडली नाही.

पण मला या रंगमंचाचे मर्म पुढे मूकपटांतला विनोदी नट म्हणून गाजलेल्या बस्टर कीटनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. 1895 साली जन्मलेला हा मुलगा जेमतेम पाच वर्षांचा असताना आईवडिलांच्या प्रयोगात उतरला. त्याच्या अंगरख्याच्या पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली असे. तिला धरून वडील त्याला उचलत आणि पडद्यांवर, कधी वाद्यवृंदाच्या खड्ड्याकडे भिरकावून देत. न्यूयॉर्कमध्ये बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेने यावर वारंवार आक्षेप घेतला आणि तो मला पूर्णपणे रास्त वाटतो, कारण हशा कितीही मोठा असला तरी आपटणारे शरीर एका लहान मुलाचे होते. मात्र पडताना अंग कसे सैल सोडावे, हात-पाय केव्हा टेकावेत, हे त्याच वयात त्याच्या हाडीमांसी खिळले. आणखी एक गोष्ट त्याला तिथेच उमगली: पडल्यावर आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात आणि चेहरा दगडासारखा ठेवला की थिएटर दणाणून जाते.

हे ज्ञान कुठल्या ग्रंथात मिळणारे नव्हते. दिवसातून दोन खेळ, वर्षानुवर्षे, दर आठवड्याला नवा प्रेक्षक, अशा सरावातूनच ते येऊ शकते. सिनेमाने नेमका हाच आधार काढून घेतला, कारण दहा वर्षे पुरणारा प्रयोग एकदा फितीवर चढला की थोड्याच दिवसांत देशभर पाहून होई. 1913 साली टाइम्स स्क्वेअरमध्ये उघडलेल्या पॅलेस थिएटरमध्ये नाव झळकणे हे प्रत्येक व्हॉडव्हिल कलावंताचे स्वप्न असे. तेही 1932 साली चित्रपटगृह झाले.

कीटन त्याआधीच, 1917 साली, न्यूयॉर्कच्या रंगमंचावरचा आठवड्याला 250 डॉलरचा करार सोडून बराच कमी पगार असलेल्या सिनेमाच्या कामाकडे वळला होता. तिथे गेल्यावर सर्वांत आधी आपण कॅमेऱ्याचे भाग सुटे करून तो आतून कसा चालतो ते पाहिले, असे त्याने पुढे सांगितले आहे.