"जमतंय आमचं" म्हणू नका: ऑस्ट्रेलियातली एनडीआयएस नक्की चालते कशी

हा चर्र चर्र आवाज येतोय ना, तो वेल्क्रोचा. रोज सकाळी सव्वासातला आमच्या घरात हा आवाज होतो, माझ्या मुलाच्या पायात एएफओ चढवताना. एएफओ म्हणजे पोटरीपासून तळव्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा स्प्लिंट, त्याच्याच पायाच्या मापाचा बनवलेला. आधी लांब पायमोजा चढवायचा, मग टाच नीट मागे बसली का ते बोटाने चाचपून बघायचं, मग पट्टे. टाच जराशी पुढे राहिली की संध्याकाळी पायावर लाल वळ घेऊन येतो. तो नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूकडून स्नायूंवर नीट ताबा राहत नाही), वॉकर घेऊन चालतो, आणि मेलबर्नच्या पश्चिमेला आम्ही जिथे राहतो तिथल्या गणपतीत आरतीला सगळ्यात जोरात आवाज त्याचाच असतो.

पाय वाढतो, स्प्लिंट वाढत नाही. म्हणून काही महिने गेले की नवा जोड. त्याचे पैसे एनडीआयएस देते, नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम. आणि आपल्या मराठी लोकांत या स्कीमबद्दल इतके गैरसमज आहेत, इतकी भीती आहे, की म्हटलं एकदा नीट सांगूया.

नावात इन्शुरन्स का आहे बघा. पूर्वी इथे प्रत्येक राज्याची आपली वेगळी सिस्टिम होती, पैसे संस्थांना जायचे आणि माणूस वेटिंग लिस्टवर थांबायचा. गाडीच्या अपघातात कोणी जायबंदी झालं तर काही राज्यांत विम्यातून जन्मभर देखभाल मिळायची, पण तेच अपंगत्व जन्मतः असेल तर नशीब तुमचं. मुलासाठी व्हीलचेअर मंजूर होऊन येईपर्यंत मूल त्या मापाच्या पुढे गेलेलं असायचं. २०११ मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशनचा, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या संस्थेचा, रिपोर्ट आला, त्यात ही जुनी व्यवस्था अपुऱ्या पैशांची, अन्यायाची, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली आहे असं सरळ लिहिलं होतं. अपंग माणसं, त्यांचे आईबाप, त्यांना सांभाळणारे, सगळे मिळून मोहीम उभी राहिली. मार्च २०१३ मध्ये कायदा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पैशाच्या तरतुदीचं बिल मांडताना तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांना संसदेत रडू आवरेना. १ जुलै २०१३ ला काही ठिकाणी ट्रायल सुरू झाली, त्यात आमच्या शेजारचं जिलाँग पण होतं, आणि स्कीम चालवणाऱ्या एजन्सीचं हेड ऑफिसही तिथेच आहे. २०१६ पासून ती हळूहळू देशभर पसरली.

पैसे येतात कुठून? पगारातून मेडिकेअर लेव्ही, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठीचा कर, कापली जाते ना, ती या स्कीमसाठी २०१४ मध्ये दीड टक्क्यावरून दोन टक्के केली. म्हणजे ८०,००० डॉलर कमावणाऱ्याची लेव्ही वर्षाला १,२०० वरून १,६०० झाली. तेवढ्याने भागत नाही, बाकीचं केंद्र आणि राज्यं घालतात. आपल्याकडच्या भिशीसारखं नाही हे, भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. इथे नंबर लागू नये हीच सगळ्यांची इच्छा, पण ज्याच्या घरात लागला त्याच्या पाठीशी सगळे. म्हणून तुमचा पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे इथे कोणी विचारत नाही. आज सात लाखांहून जास्त माणसं या स्कीममध्ये आहेत, आणि सगळ्यात मोठा गट ऑटिझम असणाऱ्यांचा आहे.

आता कोणाला मिळतं. अर्ज करताना वय ६५ च्या आत पाहिजे. नागरिकत्व किंवा पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, पाहिजे (न्यूझीलंडवाल्यांसाठी एक खास कॅटेगरी आहे). आणि अपंगत्व कायमचं, रोजच्या जगण्यात अडथळा आणणारं. टेम्पररी व्हिसावर असाल तर नाही. इथेच आपल्या घरांची अडचण सुरू होते, कारण पीआरच्या मेडिकलमध्ये मुलाच्या उपचारांच्या अंदाजे खर्चाचाही हिशोब होतो, आणि मग त्या भीतीने काही आईबाप डायग्नोसिसच पुढे ढकलत राहतात. मला ती भीती अगदी कळते, आमचा मुलगा इथे आम्हाला पीआर मिळाल्यावर जन्मला म्हणून आम्ही त्यातून सुटलो एवढंच. पण मुलाचं वय काही व्हिसासाठी थांबत नाही हो. रजिस्टर्ड मायग्रेशन एजंटशी एकदा मोकळेपणाने बोला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या ऐकीव गोष्टींवर निर्णय घेऊ नका. आणि गावाहून येणाऱ्या आजी-आजोबांसाठी ही स्कीम नाही, ६५ च्या पुढच्यांसाठी एज्ड केअर वेगळं.

अर्ज मंजूर झाला की प्लॅन येतो. हातात रोख पैसे येतील हे आधी डोक्यातून काढा. प्लॅन म्हणजे बजेट. त्यात कोअर म्हणजे रोजची मदत, सपोर्ट वर्कर वगैरे. कपॅसिटी बिल्डिंग म्हणजे थेरपी, माणूस पुढे स्वतःचं स्वतः जास्त करू शकेल यासाठीचं सगळं. आणि कॅपिटल म्हणजे मोठी साधनं, व्हीलचेअर, घरातले बदल. मे २०२५ पासून नवे प्लॅन साधारण तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यात मोकळे होतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात सगळे तास उडवून टाकले असं करता येत नाही.

हे बजेट सांभाळायचे तीन रस्ते. एजन्सीच सांभाळते, मग फक्त रजिस्टर्ड प्रोव्हायडर, म्हणजे नोंदणी केलेले सेवा देणारे, घ्यावे लागतात. नाहीतर स्वतः सांभाळायचं, बिलं, पावत्या, हिशोब सगळं आपल्याकडे. किंवा प्लॅन मॅनेजर ठेवायचा, तो बिलं भरतो आणि त्याची फी प्लॅनमध्ये वेगळी धरलेली असते, मुलाच्या थेरपीतून जात नाही. आम्ही प्लॅन मॅनेजर घेतला, आणि तरी मी प्रत्येक बिल वाचते. तुम्हीही वाचा. एका थेरपी सेंटरने, नाव नको, आम्ही गावाला गेलो होतो त्या आठवड्याचं सेशन बिलात लावलं होतं. फोन केल्यावर काढलं. पण मी वाचलं नसतं तर गेलेच होते ना त्याचे तास.

कारण तास महाग आहेत. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या) तासाला २०२५-२६ च्या यादीत कमाल दर १९३.९९ डॉलर होता. मुलाला काय जमतं, काय नाही याचा एजन्सीसाठी रिपोर्ट लिहायचा थेरपिस्टचा वेळसुद्धा याच दराने बजेटमधून जातो. आठ तासांचा रिपोर्ट म्हणजे १,५५१ डॉलर आणि वर काही सेंट. तो आमच्या डायनिंग टेबलवर पडलेला जाड कागदांचा गठ्ठा दिसतोय ना, तो तोच.

आणि त्या रिपोर्टबद्दलच मला मुख्य सांगायचंय.

आमची पहिली प्लॅनिंग मीटिंग फोनवर झाली. पलीकडच्या बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, आंघोळ कशी घालता? हे म्हणाले, "वुई मॅनेज." झोप? "मॅनेज." जेवण? "हो, सगळं खातो." मी शेजारी बसून मान डोलवत होते. परक्या माणसासमोर घरचं दुखणं उगाळायचं नाही, आपल्या मुलाबद्दल कमीपणाचं बोलायचं नाही, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. प्लॅन आला तो अगदी छोटा. पण मोठा येणार कसा, आम्हीच तर सांगितलं होतं सगळं जमतंय म्हणून.

मग आमच्या थेरपिस्टने समजावलं. कायद्यात शब्द आहेत, रीझनेबल अँड नेसेसरी, वाजवी आणि गरजेचं. मुलांच्या बाबतीत ते हेही बघतात की त्या वयाच्या कुठल्याही मुलासाठी आईबापांनी जे करायचंच असतं ते किती, आणि अपंगत्वामुळे त्याच्या वर पडणारं किती. तीन वर्षांच्या पोराला सगळेच आंघोळ घालतात. सात-आठ वर्षांचा मुलगा मात्र स्वतः टॉवेल घेऊन बाथरूममध्ये पळतो. आमच्याकडे चाळीस मिनिटं लागतात, एकाने मागून छातीशी धरायचं, दुसऱ्याने साबण लावायचा, फरशी ओली झाली की दोघांचाही जीव मुठीत. ही जी मधली तफावत आहे ना, तिच्यासाठी ही स्कीम आहे. आणि ती तफावत तुम्ही सांगितली नाही तर कोणालाच दिसणार नाही.

म्हणून मी एक आठवडा वही घातली. रात्री किती वेळा कूस बदलायला उठलो. पायात गोळे येऊन किती वेळ रडला. शर्टाचं एक बटण लावायला त्याला किती वेळ लागला, सहा मिनिटं, आणि शेवटी त्याने स्वतःच ते सोडून दिलं. लिहिताना मला रडू येत होतं, वाटत होतं मी पोराची चुगली करतेय. पण ते लिहिणं गरजेचं होतं. निर्णय पटला नाही तर तीन महिन्यांच्या आत इंटर्नल रिव्ह्यू, म्हणजे एजन्सीकडूनच फेरतपासणी, मागता येतो, तो आम्ही मागितला, वही आणि नवा रिपोर्ट जोडून. थेरपीचे तास वाढले, शॉवर चेअर मिळाली, आठवड्यातून काही तास सपोर्ट वर्कर मिळाला. टॅब्लेट मागितला होता तो नाही मिळाला. रिव्ह्यूनंतरही पटलं नाही तर पुढे ट्रिब्युनल आहे, आमच्यावर ती वेळ आली नाही.

नाही कशाला म्हणतात तेही ऐका. घरभाडं नाही, किराणा नाही, औषधं नाहीत. पायातला ताठरपणा कमी करायला हॉस्पिटलमध्ये बोटॉक्सची इंजेक्शनं देतात ती आरोग्य खात्याची, पण त्यानंतरचे स्प्लिंट एनडीआयएसचे. शाळेचा रॅम्प शाळेने करायचा. सेंटरलिंकचे, म्हणजे सरकारी भत्त्यांचे, पैसे वेगळे, दोन्हींची गल्लत करू नका. ऑक्टोबर २०२४ पासून तर काय चालतं आणि काय चालत नाही याची यादीच कायद्याने ठरवून दिली आहे, खर्च करण्याआधी ती बघा. घरच्या माणसाला सांभाळण्याचे पैसे सहसा देत नाहीत, माझ्या सासूबाई व्हिजिटर व्हिसावर येऊन सहा महिने नातवाला तेल लावतात त्याचा कुठल्याच बजेटमध्ये कॉलम नाही.

खर्च फार वाढला म्हणून सरकार आता नियम आवळतंय. लहान मुलांचा विकास थोडा मागे असेल किंवा ऑटिझमची गरज कमी असेल तर त्यांच्यासाठी थ्रायव्हिंग किड्स नावाचा वेगळा कार्यक्रम २०२५ मध्ये जाहीर झाला. मला काळजी वाटते ती त्या घरांची, जी इंग्रजीत धड बोलू शकत नाहीत किंवा बोलायला लाजतात. तुम्हाला दुभाषा मागता येतो, फुकट. मराठीतून बोलायचंय असं सांगा. आपल्या भाषेत वेदना जास्त खरी सांगता येते.

आमचा प्लॅन पुढच्या महिन्यात परत बघणार आहेत. वही परत काढली आहे, पहिल्या पानावर यांनीच लिहिलंय, बुधवार, रात्री दोन वाजता आणि परत पावणेचारला. आणि नव्या एएफओवर कुठलं चित्र हवं ते त्याने आधीच ठरवून ठेवलंय, डाव्या पायावर डायनोसॉर, उजव्यावर मोदक, आणि क्लिनिकमधल्या ताईंना मोदक म्हणजे काय ते मोबाइलवर फोटो दाखवून झालंय.