घंटीचा पट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजचं शेवटचं सेमिस्टर ज्यांचं सुरू आहे, त्या मुलामुलींशी आज मला बोलायचं आहे. आणि त्यांच्या आईवडिलांशीही.

आपल्या बडोद्यात, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी 31 वर्षं पर्सोनेल खात्यात होते. इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या पलीकडे बसून किती मुलं पाहिली, याचा हिशोब नाही. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते.

मेकॅनिकल इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा देऊन आलेला मुलगा. राहायला दांडिया बाजारात, म्हणजे अगदी आपल्यातला, मराठी. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्याबरोबर त्यानं पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं. मी मेहनती आहे, मला चौघांत मिळून काम करायला आवडतं, नवीन शिकायची हौस आहे. त्या सकाळी त्याच्या आधी आलेल्यांनीही जवळजवळ हेच सांगितलं होतं. मग प्रोजेक्टबद्दल विचारलं, आणि तिथे त्याची गाडी अडली. चौघांचं प्रोजेक्ट, याच्या वाट्याला आलेलं फक्त रिपोर्ट टाइप करणं. कपाळावर घाम आला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मराठीत विचारलं, “रविवारी काय करतोस रे?”

“बाबांच्या घंटीवर बसतो.”

घंटी म्हणजे पिठाची गिरणी. बडोद्याबाहेरचं कुणी ऐकत असेल, म्हणून सांगते.

आमच्या वर्कशॉपच्या साहेबांनी तोवर फाइल मिटली होती. ते पुढे सरकले. “घंटीत काय बिघडतं?”

“पट्टा उतरतो.” आणि मग तो मुलगा बोलायला लागला. दर आठ-दहा दिवसांनी पट्टा पुलीवरून उतरायचा. बाबा नवा आणायचे, तोही एका कडेनं झिजायचा. एका रविवारी यानं गिरणी बंद ठेवली आणि दोन्ही पुल्यांच्या तोंडांवरून सुतळी ताणून धरली. हे सांगताना त्यानं टेबलावरचे दोन पेपरवेट शेजारी मांडले आणि स्वतःच्या फाइलची नाडी सोडून त्यांच्यावरून ताणली. प्रत्येक पुलीच्या दोन कडा, म्हणजे सुतळी चार ठिकाणी टेकायला हवी. ती तीनच ठिकाणी टेकत होती. मोटर जराशी तिरकी बसली होती. पायाचे बोल्ट सैल करून त्यानं मोटर सरळ केली, सुतळी पुन्हा लावून पाहिली, बोल्ट आवळले. त्यानंतर पट्टा उतरला नाही. अर्धं मराठी, अर्धं गुजराती, मध्येच पुस्तकातला इंग्रजी शब्द, असं सगळं मिसळून तो बोलला. पण एक वाक्य कुठे अडखळलं नाही.

साहेबांनी विचारलं, “हे बायोडेटात का नाही लिहिलंस?”

मुलानं खाली पाहिलं. “सर, घंटीचं काय लिहायचं?”

ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन उभं केलं, विणकाम, रंगाई, यंत्रकाम ही हातानं करायची कामं विद्या म्हणून शिकवली, त्या गावातल्या इंजिनिअरला बापाच्या गिरणीत हात काळे केल्याचा संकोच वाटावा! त्याच कलाभवनाची पुढे युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंग फॅकल्टी झाली. हा मुलगा तिथूनच शिकून आला होता.

म्हणून माझं तुम्हाला एकच मागणं आहे. इंटरव्ह्यूला जाताना तुम्ही स्वतः केलेलं एखादं काम घेऊन जा. ते कॉलेजमधलंच असावं असं काही नाही. गणपती मंडळाचा जमाखर्च सांभाळला असेल, आजीच्या आजारपणात औषधांच्या वेळांचा तक्ता केला असेल, मामाच्या दुकानातल्या उधारीची वही कॉम्प्युटरवर चढवली असेल. ते आठवा आणि कागदावर मांडा. अडचण काय होती, तुमच्यावर काय आलं, तुम्ही काय केलंत, त्यानं काय फरक पडला. प्रोजेक्ट चौघांचं असेल तर ‘आम्ही’ केलं ते दोन वाक्यांत सांगा आणि ‘मी’ काय केलं यावर या. समोरचा माणूस त्या ‘मी’चीच वाट पाहत असतो. आणि ज्यांच्या वाट्याला खरंच फक्त टायपिंग आलं असेल, त्यांच्या हातात अजून काही आठवडे आहेत. मित्राकडे जा, मशीन उघडून बघा, प्रोग्रॅम स्वतः चालवून बघा.

इंग्रजीचं म्हणाल, तर जिथे लागतं तिथे लागतं, त्यात खोटं नाही. रोज मोठ्यानं बोलायची सवय करा. पण मी पाहिलेली बहुतेक मुलं भाषेपाशी अडली नाहीत. सांगायला काही नव्हतं, म्हणून अडली. एखादी गोष्ट येत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणा, आणि कुठून शोधाल ते सांगा. अंदाजानं ठोकून दिलेलं उत्तर पुढच्याच प्रश्नाला उघडं पडतं.

आता मुलींसाठी थोडं. माझा स्वतःचा पहिला इंटरव्ह्यू 1986 सालचा. सोशल वर्क फॅकल्टीतून पहिल्या वर्गात पास झाले होते, कामगार कायदे तोंडपाठ. एका कंपनीत तिघांनी मिळून मला वीस मिनिटं एकच विचारलं: लग्न ठरलंय का, ठरलं तर सासर कुठलं, मुलं झाल्यावर काय करणार? मी हसून, लाजून उत्तरं देत राहिले. कायद्याचा एकही प्रश्न नाही. त्यांनी मला घेतलं नाही, त्याचं दुःख कधीच ओसरलं. आपण हसत का बसलो, ही बोच मात्र राहिली. नोकरी देताना बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, हे 1976 च्या समान वेतन कायद्यात तेव्हाही लिहिलेलं होतं आणि ते मला पाठ होतं! आजही मुली येऊन सांगतात, ताई, असंच विचारलं. शांतपणे म्हणा, “कामाच्या वेळा आणि जबाबदारी मी पाळीन, कामाबद्दल विचारा.” तेवढ्यावरून कुणी नाकारलं, तर तिथला रोजचा दिवस कसा गेला असता याचा अंदाज तुम्हाला आला असं समजा.

नोकरी मिळाली की पत्र नीट वाचा. वर्षाला चार लाख म्हणजे महिन्याला 33,000 हातात, असा हिशोब मुलं घरी सांगतात आणि पहिल्या पगाराला हिरमुसतात. त्या चार लाखांत कंपनीनं भरायचा प्रॉव्हिडंट फंड असतो, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटी, म्हणजे पुढे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, धरलेली असते, कामावर अवलंबून असलेली रक्कमही असते. समजा, मूळ पगार दोन लाख आणि कामावर अवलंबून असलेले 40,000. फंड 12 टक्क्यांनी कंपनीचा 24,000, तुमचाही 24,000. ग्रॅच्युइटीचे साडेनऊ हजार. वर आपल्या गुजरातचा व्यवसाय कर महिन्याला 200. हातात येतात 25,000 च्या आसपास. अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही असा बाँड आहे का, किती वर्षांचा, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे सही करण्यापूर्वी विचारा. आणि डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी भरा असं कुणी फोनवर म्हणालं, तर तो फोन ठेवून द्या. नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही.

त्या मुलाचं काय झालं? जागा एकच होती, ती दुसऱ्याला गेली, आणि योग्य माणसाला गेली. पण साहेबांनी त्याला वर्षभरासाठी अप्रेंटिस म्हणून मागून घेतलं. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालची ही सोय पदवीधरांनाही आहे. स्टायपेंड मिळतो, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. ‘अप्रेंटिस’ शब्दाला नाकं मुरडू नका. वर्ष संपलं आणि त्याला हालोलला कायमची नोकरी लागली.

आईवडिलांनो, ‘कुठे लागलं का रे?’ हा प्रश्न तुमच्या मुलाला दिवसातून दहा जण विचारतात. तुम्ही दुसरं काही विचारा. संध्याकाळी पोळ्या करताना त्याला ओट्याशी उभं करा आणि म्हणा, तुझं प्रोजेक्ट मला मराठीत समजावून सांग. नाही कळलं तर ‘नाही कळलं’ म्हणा, पुन्हा सांगू द्या. तवा, लाटणं, डबा, हाताशी असेल ते घेऊन दाखवू द्या त्याला.

नमस्कार.