‘तिखट लागतं!’

(विलेपार्ल्यातल्या एका बालवाडीच्या पालकसभेत मुलांच्या दंतवैद्य डॉक्टरांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. दवाखान्याबाहेरच्या बाकावर आई मुलाला सांगत असते, “ब्रश नाही केलास ना, तर या डॉक्टरबाई सुई टोचतील.” आत मला सगळं स्वच्छ ऐकू येतं. मग तेच पोर दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून माझ्या खुर्चीत बसतं आणि आई म्हणते, “बघा ना, उघडतच नाही!” कसं उघडेल? तेव्हा बागुलबुवा म्हणून माझं नाव घेणं आजपासून बंद करा, बाकीचं बोलू.

मुलं ब्रशला नाही म्हणतात तेव्हा आपण धरून चालतो की नाटकं आहेत. मीही तेच धरून चालले होते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती आणि आमच्याकडे रोज रात्री बाथरूममध्ये रणकंदन. वरच्या पुढच्या दातांपाशी ब्रश गेला की ही मान फिरवून किंचाळणार. शेजाऱ्यांना वाटावं, पोरीला मारतायत. एके रात्री दमून मी बादली उपडी घातली, तिच्यावर बसले आणि विचारलं, “नक्की काय होतं गं?” तिने वरचा ओठ उचलला आणि आत बोट ठेवलं. ओठ आणि हिरडी जोडणारा एक पातळ पडदा असतो तिथे, सगळ्यांनाच असतो. जीभ वर नेऊन बघा. (सभागृहात हशा) हं, आता सगळ्यांचे ओठ फुगले! तर माझ्या ब्रशचं टोक रोज त्या पडद्यावर आपटत होतं. दुसऱ्यांच्या मुलांचे दात बघून पोट भरणारी बाई मी, आणि घरच्या तोंडात काय चाललंय ते मला विचारायला सुचलं नव्हतं. तेव्हापासून डाव्या हाताच्या बोटाने तो पडदा झाकायचा आणि मग ब्रश फिरवायचा. दोन-तीन दिवस तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, ते बरोबरच होतं. मग किंचाळणं थांबलं.

दुसरं कारण मुलं स्वतःच सांगतात, “तिखट लागतं.” आपण म्हणतो, टूथपेस्ट कधी तिखट असते का? असते. पुदिन्याचा जो गारवा आपल्याला ताजा वाटतो, तो लहान तोंडाला चक्क झोंबतो. चव बदला. फक्त नळीवर फ्लोराइड किती लिहिलंय ते वाचा, साधारण 1000 पीपीएम हवं. कार्टूनच्या रंगीत नळ्यांपैकी काहींत ते नसतंच. आणि जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ना, ती पेस्ट खपावी म्हणून. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, बस्स. थुंकायचं आणि लगेच खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइडही मोरीत जातं.

आता वेळ. आपल्या मुंबईत आई-बाबा घरी पोचतात नऊला, जेवणं दहाला, आणि साडेदहाला पेंगणाऱ्या मुलाच्या तोंडात आपण ब्रश घालतो. तुम्हाला झोपेत कुणी ब्रश घातला तर? मुलाचं जेवण झालं की लगेच उरका, आजी-आजोबा असतील तर त्यांनी. सकाळी गडबडीत थोडं कमी-जास्त झालं तर मी समजून घेईन, रात्रीचं नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते. जंतू साखरेचं आम्ल करतात, ते धुऊन काढायचं काम लाळेचं, आणि रात्री ती रजेवर. त्यात बाटलीतलं गोड दूध पीत झोपवलंत, तर वरचे पुढचे दात आधी जातात. खालच्यांवर जिभेचं पांघरूण असतं, म्हणून ते वाचतात.

बिस्किटांबद्दल पार्ल्यात उभं राहून बोलणं म्हणजे धाडसच. इथला पार्ले बिस्किटांचा कारखाना 2016 साली बंद झाला, पण स्टेशनवर उतरताना येणारा तो खरपूस वास इथे कुणाला आठवत नाही? मला बिस्किटं आवडतात. पण ती दाढेच्या खाचेत लगदा होऊन बसतात, चॉकलेट निदान विरघळून तरी जातं. खायचीच तर खाण्याच्या वेळेला द्या, दिवसभर हातात नको.

“दुधाचेच दात, पडणारच आहेत,” असं एखादी आजी म्हणतेच. वीसपैकी मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, नंतर येणाऱ्या कायमच्या दातांची जागा धरून ठेवतात. आणि सहाव्या वर्षी सगळ्यांच्या मागे एक दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते हो! “आम्ही राखुंडीनेच घासले,” हेही ऐकते. खरं आहे, पण तुमच्या लहानपणी दिवसातून पाच वेळा गोड कुठे मिळत होतं? आणि घरात कुणी मशेरी लावत असेल, तर ती तंबाखूच आहे. निदान मुलासमोर नको.

सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करायचा. मुलाने आधी खुशाल हौस भागवावी, मग तुम्ही. मागे उभे राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा, समोर आरसा. दोन मिनिटं काढायला प्रत्येक घराची युक्ती वेगळी. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या घरी लोकल चालते. खालची उजवी शेवटची दाढ विरार, डावी शेवटची चर्चगेट, वरचा जबडा मध्य रेल्वे. प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबते, खडखड करते, मग पुढे. गेल्या महिन्यात आला तेव्हा मागच्या दाढा छान, मधल्या दातांवर पिवळा थर. मी विचारलं, “लोकल बंद पडली का रे?” वडिलांकडे बोट दाखवून म्हणाला, “हल्ली बाबा फास्ट सोडतात. पार्ल्याला थांबतच नाही.”