भीमबेटकाला जा, पण गावाला घेऊन

नमस्कार श्रोतेहो.

शाळेच्या सहलीत अजिंठा पाहिला नाही असं मराठवाड्यातलं पोर विरळाच. पण अजिंठ्याच्याही हजारो वर्षं आधीची चित्रं पाहायची असतील, तर भोपाळच्या अलीकडे साधारण ४५ किलोमीटरवर, विंध्याच्या जंगलात भीमबेटका आहे. माझं आग्रहाचं सांगणं आहे, तिथं एकट्यादुकट्यानं जाऊ नका. गावातली, भावकीतली, बचत गटातली माणसं गोळा करा आणि जा.

अजिंठ्याची लेणी छिन्नीनं कोरली, भिंतीला मातीचा गिलावा दिला आणि मग त्यावर रंग चढवला. इथं कोरीवकाम नाही, गिलावाही नाही. ऊनपावसानं पोखरलेल्या वालुकाश्माच्या कपारी आहेत आणि थेट दगडावर गेरूची तांबडी नि पांढरी चित्रं. अशा सातशेहून जास्त कपारी, त्यातल्या चारशेच्या वर चित्रांच्या. आपल्याला त्यातल्या पंधराएक पाहता येतात, आणि तेवढ्या भरपूर झाल्या.

आमच्या गटात बहुतेक लातूर-औश्याकडची शेतकरी मंडळी होती. जनावरांच्या चित्रांनी भरलेल्या एका मोठ्या खडकापाशी गाईडनं हत्ती, सांबर, गवा अशी नावं घेतली आणि तो पुढं निघाला. आमचे एक धनगर मामा मात्र हलेनात. म्हणाले, “थांबा की ओ. ही जनावरं एका टायमाला काढलेली न्हाईत. ह्याच्या पाठीवरनं त्याचे पाय गेलेत बघा.” खरंच होतं. एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं. शिकारीची जनावरं फार जुन्या काळातली. घोड्यावरचे ढाल-तलवारवाले स्वार त्यानंतर हजारो वर्षांनी आले. अभ्यासक याच थरांवरून चित्रांचा क्रम लावतात. मामांनी तो नुसत्या नजरेनं धरला.

पुढं एका कपारीत शिंगं असलेलं प्रचंड रानडुक्कर एका माणसाच्या मागं लागलंय. माणूस केवढासा! ज्यांचा हरभरा दरसाल डुकरं उकरतात, त्यांना त्या चित्राचा अर्थ सांगावा लागला नाही. आणि हातात हात गुंफून नाचणारी रांग दिसली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “येळवशीला पांडवांना आपण चुना नि काव लावतो, त्येच रंग की हे.” येळवशी म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, शेतात दगडांचे पाच पांडव मांडून पुजतात ती. ग्रंथांत वाचून हे मला सुचलं नसतं.

या कपारी जगापुढं आणल्या त्या उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी. १९५७ साली रेल्वेनं भोपाळकडं जाताना त्यांना हे खडक दिसले आणि उतरून ते पायी जंगलात शिरले. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनंही तिथं उत्खनन केलं. २००३ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. मराठी माणसाची एवढी नाळ त्या जागेशी असून आपल्या सहलींच्या यादीत तिचं नाव क्वचितच असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

एक कळकळीची विनंती. चित्र उजळ दिसावं म्हणून त्यावर पाणी शिंपडू नका, कुणी शिंपडत असेल तर अडवा. पाणी सुकताना दगडातले क्षार वर येतात आणि चित्रावर पांढरट थर धरतो. बोटही लावू नका. पोरांना आधीच बजावून ठेवा.

जाणं अवघड नाही. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत भोपाळला जाते. मात्र सहलवाले सांची, भोजपूर आणि भीमबेटका एकाच दिवसात उरकतात. ते कबूल करू नका. पैसे भरण्याआधीच ठरवून घ्या, की भीमबेटकाला सकाळी लवकर पोचायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तिथंच राहायचं. गुडघे दुखणाऱ्यांनाही नेता येतं, पायवाट बांधलेली आहे. फक्त चाल त्यांची ठेवा. भोजपूरचं शिवमंदिर दुपारनंतर निवांत पाहून होतं. सांचीला दुसरा दिवस द्या.

नमस्कार.