मेंटेनरपद सोडायचं कधी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. जाहीर झालेला विषय आहे 'मुक्तस्रोत प्रकल्प दुसऱ्याकडे कसा सोपवावा'. 'कसा'बद्दल बोलेनच, पण माझं घोडं खरं तर 'कधी'पाशी अडतं.

बहुतेक मेंटेनर, म्हणजे सगळ्यांना खुला कोड असलेला असा प्रकल्प सांभाळणारे, तो सोडतात ते वैतागून. नोकरी बदललेली असते, घरचे व्याप वाढलेले असतात, इश्यूंची, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी-मागण्यांची, रांग शेकड्यांत गेलेली असते आणि ती उघडून बघायचीही इच्छा उरलेली नसते. अशा वेळी कुणी 'मी सांभाळतो' म्हणालं की आपण त्याला पारखत बसत नाही, आपल्याला हायसं वाटतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात; इथे तर पाय स्वतःहून पुढे आलेले असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की वारस शोधायचा तो काम अजून आवडतंय तेव्हा. एकदा कंटाळा आला की पारख करायला डोकं जाग्यावर राहत नाही.

2018 सालचं इव्हेंट-स्ट्रीमचं प्रकरण जुन्या मंडळींना आठवत असेल. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या भांडारावरचं हे छोटं पॅकेज, पण त्यावर इतर असंख्य पॅकेजं उभी असल्याने आठवड्याला लाखो डाउनलोड व्हायची. मूळ लेखक ते स्वतः वापरायचाही बंद झाला होता. एका अनोळखी माणसाने ईमेल करून 'मी सांभाळतो' असं कळवलं, लेखकाने देऊन टाकलं. सुंठीवाचून खोकला गेला. नव्या माणसाने सप्टेंबरमध्ये 3.3.6 ही आवृत्ती काढली आणि तिच्यात फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची एक नवी डिपेंडन्सी, म्हणजे ज्यावर विसंबायचं असं दुसरं पॅकेज, जोडली. तिच्या पोटातला दडवलेला कोड कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटमध्ये पोचला तरच जागा व्हायचा आणि लोकांच्या खासगी किल्ल्या चोरायचा. बाकी सगळीकडे चिडीचूप. नोव्हेंबरात तो सापडला, तोही योगायोगाने. 'हे फंक्शन आता जुनं झालंय' अशी एक किरकोळ सूचना टर्मिनलवर दिसत होती. अशा सूचना आपण सगळेच दुर्लक्षित करतो. कुणीतरी ती नेमकी कुठून येते याचा माग काढला, म्हणून हे उघडकीला आलं.

त्या लेखकावर तेव्हा बरीच चिखलफेक झाली. मला ती अन्यायाची वाटते. फुकट वाटलेल्या कोडची जन्मभर राखण करायचं कुणी कबूल केलेलं नसतं. कसलीही हमी नाही हे लायसन्समध्येच लिहिलेलं असतं. पण दोषाचं सोडा, नेमकं काय हस्तांतरित झालं ते बघा. कोड तर आधीपासून सगळ्यांचाच होता, ज्याला हवा त्याने तो फोर्क केला असता, म्हणजे त्याची प्रत घेऊन वेगळ्या नावाने पुढे नेला असता. हातातून गेलं ते पॅकेजचं नाव. त्या नावावर भरवसा टाकून लाखो संगणक आपोआप पुढची आवृत्ती ओढून घेत होते. माणूस बदलला हे त्या संगणकांना कळायची सोयच नव्हती. फोर्क केला असता तर प्रत्येकाला निदान एकदा तरी ठरवावं लागलं असतं की आपण या नव्या माणसाच्या मागे जायचं का.

फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्स या प्रकल्पाची गोष्ट याहून कितीतरी वाईट आहे, कारण तिथल्या मेंटेनरने घाई केली नव्हती. लासे कॉलिन यांनी ते काम वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने केलं. 2021 मध्ये 'जिया तान' या नावाने पॅच, म्हणजे कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या, यायला लागले. चांगले, नीटनेटके पॅच. 2022 च्या मध्याला आणखी काही नावं उगवली. त्यांनी आधी कधी काही काम केलेलं नव्हतं, पण तक्रारींचा सूर मात्र चढा: पॅच पडून राहतात, मेंटेनरला रस उरलेला नाही, दुसऱ्याला का नेमत नाही. कॉलिन यांनी उत्तरात मोकळेपणाने लिहिलं की आपलं मनःस्वास्थ्य बऱ्याच काळापासून ठीक नाही आणि हा बिनपगारी छंद आहे. त्यावरही समोरून रेटा चालूच राहिला. हळूहळू जिया तानच्या हाती अधिकार आले. फेब्रुवारी-मार्च 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्या बॅकडोअरसकट, म्हणजे दडवलेल्या चोरवाटेसकट, बाहेर पडल्या. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचच्या (दुरून संगणकात शिरायच्या सोयीच्या) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि 29 मार्चला त्याने सगळं जगासमोर मांडलं.

ती तक्रारीची नावं कुणाची होती हे सिद्ध झालेलं नाही. बनावट असावीत असाच बहुतेकांचा कयास आहे, माझाही आहे. त्यांनी वापरलेलं हत्यार मात्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे: मेंटेनरला अपराधी वाटायला लावणं. 'अजून किती वाट बघायची?' हे वाक्य ज्याने वाचलेलं नाही असा मेंटेनर मला दाखवा. म्हणून एक नियम मी पाळतो आणि तुम्हालाही सुचवतो. कुणी घाई करायला लागलं की त्या काळात कुणालाही नवे अधिकार द्यायचे नाहीत. महिनाभर काहीच हलवायचं नाही. पॅच पडून राहिला तर राहू दे.

या प्रकरणातला एक बारकावा फारसा बोलला जात नाही. जिया तानकडे गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या गोष्टी होत्या, तिथे चालणारं प्रकल्पाचं उपडोमेनसुद्धा होतं. पण तुकानी डॉट ऑर्ग हे मूळ संकेतस्थळ आणि तिथली गिट रेपॉझिटरी (कोडचा साठा) यांचा ताबा कॉलिन यांच्याकडेच राहिला होता. त्यामुळे स्फोट झाल्यावर परतून उभं राहायला त्यांना जागा होती. अधिकार एकगठ्ठा द्यायचे नसतात, ते यासाठी.

आता उलटं उदाहरण. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल 2005 मध्ये गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन लिहायला घेतलं आणि जुलैच्या अखेरीस ते जुनिओ हमानोकडे सोपवलं. चार महिनेसुद्धा झाले नव्हते. गिट तेव्हा मरगळलेलं अजिबात नव्हतं, उलट जोरात वाढत होतं, आणि टोरवाल्ड्सकडे दम होता. पहिल्या काही आठवड्यांपासून कोण कसे पॅच पाठवतं हे त्याने पाहिलं होतं. 1.0 आवृत्ती त्या डिसेंबरात हमानोने काढली आणि आजही गिटचा मेंटेनर तोच आहे. टोरवाल्ड्स कुठे गायब झाला नाही. लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, रोज गिट वापरत राहिला, अधूनमधून पॅच पाठवत राहिला; ते घ्यायचे की नाही हे मात्र हमानो ठरवायचा.

'कसा'कडे येतो. किल्ल्यांचा भाग पटकन उरकतो, कारण तो कंटाळवाणा आहे आणि कागदावर मावतो. रेपॉझिटरीची मालकी, पॅकेज प्रकाशित करायचा अधिकार, बिल्ड सर्व्हरवरची गुप्त टोकनं, सुरक्षेच्या तक्रारी येतात तो ईमेल पत्ता, देणग्यांचं खातं. डोमेन हमखास विसरलं जातं, कारण ते दरवर्षी कुणाच्या तरी खासगी कार्डावरून आपोआप नूतनीकरण होत असतं. कार्ड संपलं की डोमेन गेलं. आणि आवृत्त्यांवर डिजिटल सही करायची खासगी की (गुप्त किल्ली) कुणालाही देऊ नका. नव्या माणसाने स्वतःची बनवावी, तुम्ही तुमच्या जुन्या कीने तिच्यावर सही करावी, म्हणजे लोकांना साखळी तपासता येते.

खरी अडचण नकारांची असते. आपण काय स्वीकारलं ते कोडमध्ये दिसतं. काय नाकारलं आणि का, हे कुठेच दिसत नाही.

मी तारखा वाचणारी एक छोटी लायब्ररी सांभाळत होतो. तिच्यावर ठरावीक काळाने एकच मागणी यायची: '03/04 असं आलं तर महिना आधी की दिवस आधी हे तुमचं तुम्ही ओळखा ना'. दर वेळी नवा माणूस, दर वेळी चालणारा कोड, सोबत टेस्टसुद्धा. मी दर वेळी परत पाठवायचो. कारण असं की असा अंदाज बांधणारा कोड बारा तारखेनंतर कधीच चुकत नाही. 25/04 चा अर्थ एकच होऊ शकतो. चुकतो तो फक्त महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत, आणि तेव्हाही एरर येत नाही, निमूटपणे वेगळीच तारीख पडते. मग एकाच रकान्यात काही तारखा बरोबर, काही उलट्या, आणि कुठल्या उलट्या हे नंतर कुणालाही सांगता येत नाही. हे मला पाठ होतं. माझ्यानंतर येणाऱ्याला ते कळायला मार्ग नव्हता. त्याला एवढंच दिसलं असतं की चांगली पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) कुण्या खडूस माणसाने बंद केलीय.

म्हणून सोपवण्याआधी मी एक फाइल लिहिली. नाकारलेल्या गोष्टी, प्रत्येकीखाली चार-पाच ओळींत कारण. वारसदार ठरली होती ती आधीपासून इश्यूंना उत्तरं देत होती. मी तिची पारख केली ती तिच्या कोडवरून कमी आणि तिने लोकांना 'नाही' कसं सांगितलं यावरून जास्त. चांगला कोड लिहिणारे पुष्कळ सापडतात. समोरच्याचा पाणउतारा न करता, कारण देऊन, त्याचा दुसरा पॅच येईल अशा बेताने नकार देणारे विरळा. आधी तिने माझ्या नजरेखाली एक रिलीज काढलं. पुढचं तिने काढलं आणि मी नंतर बघितलं. मग मी माझे लिहिण्याचे अधिकार स्वतःच काढून घेतले.

हे शेवटचं पाऊल लोक टाळतात. 'असू दे, अडीअडचणीला उपयोगी पडेल.' अडचणीसाठी दुसरा सक्रिय मालक हवा, निवृत्त नको. जुना माणूस अधिकारांसकट मागे बसला की लोक निर्णय न पटला की थेट त्याच्याकडे जातात आणि नव्या माणसाचा शब्द हलका होतो. आमच्या त्या फाइलमधला एक नकार तिने वर्षभरात खोडला. भाषेच्या जुन्या आवृत्तीचा आधार काढून टाकायला मी कायम विरोध केला होता, तिने तो काढला. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण मी बोललो नाही, आणि मला विचारायला आलेल्यांना तिच्याकडे पाठवलं.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेबद्दल दोन शब्द. तिचा निर्माता गीडो व्हान रॉसम जुलै 2018 मध्ये बाजूला झाला तो एका प्रस्तावावरच्या भांडणाने थकून, म्हणजे माझ्या हिशेबाने चुकीच्या वेळी. पण त्याने वारस नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. डेव्हलपरांनी वेगवेगळे आराखडे मांडले, मतदान घेतलं आणि पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ आलं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक त्यात बसू शकत नाहीत, असा नियमही आला. पहिल्या मंडळात गीडो स्वतः निवडून आला, पाचातला एक म्हणून. थकलेल्या माणसाने माणूस निवडण्यापेक्षा निवडीची पद्धत इतरांवर सोपवावी, हे मला शहाणपणाचं वाटतं. अर्थात त्यासाठी आधीपासून जमलेली माणसं लागतात. एकट्या मेंटेनरला ही चैन परवडत नाही.

[यानंतर श्रोत्यांमधून प्रश्न आला: 'आणि कुणी मिळालंच नाही तर?']

तर बंद करा. गंभीरपणे सांगतोय. रेपॉझिटरी अर्काइव्ह करा, पॅकेजवर 'आता देखभाल होत नाही' असा शिक्का मारा, पर्याय माहीत असेल तर नाव लिहा. लिनक्स कर्नलच्या मेंटेनर्स फाइलमध्ये प्रत्येक भागापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते आणि तिथे 'ऑर्फन' (अनाथ) हा अधिकृत शेरा आहे. 'ऑड फिक्सेस' असाही आहे: म्हणजे माणूस आहे, पण जमेल तेवढंच करेल. डेबियन या लिनक्स वितरणातही पॅकेज रीतसर अनाथ जाहीर करता येतं, आणि मग ज्याला दत्तक घ्यायचंय तो चारचौघांत तसं कळवतो. तुमच्या रीडमीच्या (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलच्या) पहिल्या ओळीत असा एक शब्द आजच टाकता येईल. ज्या कंपन्यांचं तुमच्यावाचून अडतं त्यांना तो दिसू दे. मग त्यातली एखादी माणूस द्यायला तयार झालीच, तर त्याला आधी सहा महिने इश्यूंना उत्तरं द्यायला बसवा.