हंटिंग्टनचा १९७१चा मोसम

(दृश्य : कोरडं कारंजं. पहाटेचा उजेड.)

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीच्या काठावर हंटिंग्टन आहे. तिथल्या मार्शल विद्यापीठाच्या आवारातलं हे कारंजं दर १४ नोव्हेंबरला बंद करतात. मग वसंत येईपर्यंत त्यात पाणी नसतं.

१९७०च्या त्या तारखेला विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ नॉर्थ कॅरोलायनातला सामना १७-१४ असा हरून विमानाने घरी येत होता. पाऊस आणि धुकं. धावपट्टी मैलभरावर असताना विमान टेकडीवरच्या झाडांना घासलं आणि कोसळलं. आत ७५ जण होते, एकही वाचला नाही. ३७ खेळाडू, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली, त्यांचे सहकारी, संघाबरोबर हौसेने गेलेली गावातली मंडळी. सहा खेळाडूंची तर ओळखही पटली नाही. स्प्रिंग हिल दफनभूमीत त्यांना एकत्र जागा दिली.

सहायक प्रशिक्षक रेड डॉसन त्या विमानात नव्हते. नव्या खेळाडूंच्या शोधात ते मोटारीने निघाले होते. आता गेलेल्या मुलांच्या घरच्यांना तोंड दाखवायचं होतं.

(दृश्य : रिकामं मैदान.)

संघच बंद करावा, असा विचार झाला. विद्यार्थ्यांनी तो होऊ दिला नाही. जॅक लेंगिएल नवे मुख्य प्रशिक्षक झाले, डॉसन आणखी एका मोसमापुरते थांबले. पण खेळणार कोण? पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळायची मुभा नव्हती. मार्शलला खास सवलत मिळाली आणि अठरा वर्षांची पोरं बावीस वर्षांच्या गड्यांपुढे उभी राहिली.

राज्यातल्याच वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडेन यांनी स्वतःच्या डावपेचांची वही त्यांच्यापुढे उघडली. त्यातला ‘वीअर’ हा डाव या पोरांना नेमका मानवणारा होता. चेंडू कुणाला द्यायचा, हे क्वार्टरबॅक, म्हणजे चाल खेळवणारा खेळाडू, धावता धावता, समोरच्या बचावपटूची चाल बघून ठरवतो. धिप्पाड गड्याला आडवं पाडावं लागत नाही, चकवलं की पुरतं.

पहिला सामना ते २९-६ असा हरले.

(दृश्य : फेअरफिल्ड स्टेडियम, जुनी छायाचित्रं.)

२५ सप्टेंबर १९७१. अपघातानंतरचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना, समोर झेवियर विद्यापीठ. मार्शल ९-१३ असा मागे. एकच चाल उरलेली, गोलरेषा तेरा यार्डांवर. क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हर चेंडू घेऊन उजवीकडे सरकला. बचावफळी त्याच्यामागे ओढली गेली. तेवढ्यात त्याने चेंडू उलट डावीकडे, टेरी गार्डनरकडे टाकला. गार्डनर पळत सुटला तो थेट रेषेपलीकडे. १५-१३! वेळ संपली होती, पण लोक मैदानातून हलेनात.

या दोन मुलांपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. आदल्या वर्षी ऑलिव्हर पहिल्या वर्षात होता. नियमाने मुख्य संघात नव्हता, म्हणून विमानातही नव्हता. आणि गार्डनर त्या दिवशी मैदानात होता, तो तोच नियम यंदा शिथिल झाला म्हणून.

पुढे बोलिंग ग्रीन विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १२-१० असं हरवलं. बाकी सगळे सामने गेले. दोन विजय, आठ पराभव.

मोसम संपला आणि डॉसन यांनी प्रशिक्षकपद कायमचं सोडलं. पुढे ते बांधकामाच्या व्यवसायात पडले. हंटिंग्टन मात्र त्यांनी सोडलं नाही.